अकरा लाल टिकल्या

१. पूल. डाव्या कठड्याचा तिसरा खांब हलतो.

जून महिन्यात नगर कचेरीने सगळ्या वाड्यांना समाजगृहात बोलावलं आणि प्रत्येक वाडीसमोर एक नकाशा आणि लाल टिकल्यांचा एक कागद ठेवला. बारा टिकल्या, मागे गोंद असलेल्या.

"जिथे जिथे धोका वाटतो तिथे तिथे लावा," ओबाता म्हणाला. "रस्ता कचेरीपेक्षा तुम्हाला जास्त माहीत."

ओबाता चौतीस वर्षांचा. एप्रिलपर्यंत तो फक्त रस्ते बघायचा. मग तिघं निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि रस्ते, आपत्ती आणि रानडुकरं अशी तीन खाती त्याच्या एका टेबलावर आली. कुणाशीही बोलून झालं की तो तीनदा वाकायचा. प्रत्येक खात्यातर्फे एकदा, असं लोक म्हणत.

पुलाच्या अलीकडे शिमोसावा, अठरा घरं. पुलापलीकडे चढावर कामिसावा, दोन घरं, त्यातलं एक रिकामं, पडलेलं. त्यामुळे कामिसावाच्या टेबलावर किसाबुरो आणि त्याची बायको मात्सुनो, एवढीच वाडी बसली होती.

किसाबुरो त्र्याहत्तर वर्षांचा. सव्वीस हिवाळे तो कचेरीसाठी रस्त्याच्या कडेला काठ्या रोवत आला होता. तीन मीटर उंच बांबू, टोकाला लाल पट्टी. बर्फ पडल्यावर रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते, हे बर्फगाडीच्या ड्रायव्हरला त्या काठ्यांवरूनच कळतं. त्याने प्रत्येक टिकलीला नंबर घातला आणि रेघांच्या कागदावर सुवाच्य अक्षरात कारणं लिहायला घेतली.

शेजारच्या टेबलावरून शिमोसावाचा गटप्रमुख गेन्झो ओरडला, "किसा, तुझ्या डोंगराला गोवर आलाय की काय?"

"तुझ्या किती झाल्या?"

"एक. देवळाच्या पायरीवर. उरलेल्या नातीला देईन, वहीला लावायला."

मात्सुनोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "तुम्ही लावा हो. फुकट तर आहेत. जेवढ्या जास्त दिसतील तेवढं लवकर येतील दुरुस्तीला."

अकरावी तिने स्वतः लावली, स्वतःच्याच घरावर. बारावी तिने दवाखान्यात न्यायच्या थर्मासच्या झाकणाला चिकटवली, दुसऱ्या कुणाच्या थर्मासात मिसळू नये म्हणून.

ओबाताने अकरा कारणांचा कागद दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. "असं काम कुठल्याच वाडीने केलं नाही," तो म्हणाला, आणि चारदा वाकला.

२. वळण. ऊन लागत नाही. बर्फाची काच होते.

मात्सुनोच्या डाव्या कोपराखाली डॉक्टरांनी दोन शिरा जोडून दिल्या होत्या. तिथे बोट ठेवलं की कातडीखाली माशी अडकल्यासारखं घुमायचं. रोज सकाळी किसाबुरो बोट ठेवून बघायचा.

"घुमतेय."

"घुमतेय ना? मग चहा ठेवा."

सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेसातला दवाखान्याची गाडी दारात यायची आणि तिला डायलिसिसला न्यायची. चार तास रक्त बाहेर जातं आणि धुऊन आत येतं, असं ती सांगायची. गाडी चुकून दोन पाळ्या गेल्या की पाय सुजायचे. तीन गेल्या की काय होईल, ते डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं होतं. गाडीच्या ड्रायव्हरला एकच नियम होता. बर्फ सारलेला असेल तिथपर्यंतच जायचं.

३. रस्त्याखालचं नळकांडं. पानांनी तुंबतं.

(पानं मी काढतो. पण मी किती वर्षं काढणार?)

दुसरं वाक्य किसाबुरोने लिहून खोडलं होतं. कचेरीच्या कागदावर असलं लिहीत नाहीत.

४. नदीकडची कड.

सप्टेंबरात तीन दिवस पाऊस झाला. चौथ्या दिवशी किसाबुरो पहार घेऊन रस्त्याच्या कडेने ठोकत निघाला. चौथ्या टिकलीपाशी पहारीचा आवाज बदलला. डांबराखाली पोकळी होती. तो पोटावर झोपला, मान खाली घालून पाहिलं, हात आत घालून मापलं. ऐंशी सेंटिमीटर.

त्याने ओबाताला फोन केला. ओबाता त्याच दुपारी आला, फोटो काढले, स्वतःही पालथा झोपला. त्याच्या शर्टाचं पोट चिखलाने भरलं.

"बरं झालं कळवलंत, किसाबुरो-सान."

"मग कधी भरणार?"

"वर कळवतो."

घरी आल्यावर किसाबुरो खूश होता. "पालथा झोपला गं. म्हणजे होणार काम."

"जेवायला तरी थांबवायचं," मात्सुनो म्हणाली. "एवढा वाळलाय पोरगा."

कर्णा:
ही नगर कचेरी आहे. मनुष्यबळ कमी असल्याने यंदा काही सेवांची फेरमांडणी होत आहे. तपशील फिरत्या पाटीवर पाहावा.

(पुलाजवळच्या खांबावरच्या कर्ण्याचं प्रत्येक वाक्य समोरच्या डोंगरावर आपटून परत येतं. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की हे दुसऱ्या कुणाबद्दल आहे.)

५. देवदारांचा उतार. झाडं रस्त्याकडे कलली आहेत.

कचेरीची सूचना एका पाटीला लावलेली असते. ती घराघरातून फिरते. आपण वाचली म्हणून शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारात ठेवायची. पाटी एक रात्रही आपल्या घरात अडकली तर लोक बोलतात. म्हणून किसाबुरो आधी शिक्का मारायचा आणि मग वाचायचा. चाळीस वर्षांची सवय.

ऑक्टोबरात पाटी आली. त्याने शिक्का मारला. मग चष्मा लावला.

नवा छापील नकाशा होता. शिमोसावा पांढरी होती, देवळाच्या पायरीवर एक ठिपका. पुलापासून वर त्याच्या अकरा टिकल्या छापल्या होत्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी रंगाचं मोठं आवरण. खाली लिहिलं होतं: रहिवाशांनीच दाखवलेल्या धोक्यांच्या आधारे हा भाग हिवाळी संकटक्षेत्र. पुलापुढे बर्फ सारणं बंद. रहिवाशांनी दहा डिसेंबरपर्यंत जुन्या शाळेतल्या निवाऱ्यात यावं.

"काय लिहिलंय?" मात्सुनोने आतून विचारलं.

"आपण लिहिलंय तेच."

पाटी पुढच्या घरी द्यायची. पुढे घर नव्हतं. तो ती घेऊन चढ उतरून परत गेन्झोच्या दारात ठेवून आला.

६. दगडी भिंत. पोट बाहेर आलं आहे.

कचेरीत तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींच्या मागे एकटा ओबाता. किसाबुरो रस्त्यांच्या खिडकीसमोर उभा राहिला. ओबाता रानडुकरांच्या खिडकीतून उठून तिकडे आला.

"टिकल्या काढायच्या आहेत," किसाबुरो म्हणाला.

"काढायच्या?"

"माझ्या मीच लावल्या होत्या. जास्त झाल्या. पाचवी तर उगाच. झाडं तशी सरळच आहेत. आणि घरावरची बायकोने लावली, गंमत म्हणून."

ओबाताने खालचा ओठ चावला. "नकाशा छापून झाला हो. प्रांताच्या कचेरीत गेला. रहिवाशांचा सहभाग म्हणून तिथे कौतुक झालं. तुमच्या अक्षराचंसुद्धा."

"दुरुस्ती व्हावी म्हणून लावल्या मी."

"दुरुस्ती वापरातल्या रस्त्याची होते."

"वापरतो की आम्ही."

"पण आता तो बंद होतोय ना."

"दुरुस्ती नाही म्हणून बंद, आणि बंद म्हणून दुरुस्ती नाही?"

ओबाताच्या मागे फोन वाजत होता. त्याने तो वाजू दिला. "शाळेत ऊब आहे," तो शेवटी म्हणाला. "दवाखान्याची गाडी फाटकापर्यंत येईल. मात्सुनो-सानची एकही पाळी चुकणार नाही. घर सुटतंय, पण जीव..."

"घरावरचा बर्फ कोण काढणार?"

हे विचारायची गरज नव्हती. दोघांनाही माहीत होतं.

निघताना ओबाता म्हणाला, "विचारायलाही लाज वाटते. काठ्या रोवायला यंदा माणूस नाही. तुम्ही याल का? गेन्झो-सान मदतीला आहेत." आणि मग खूप हळू, "पुलापर्यंतच."

सव्वीस वर्षांत किसाबुरोने नाही म्हटलं नव्हतं. तो शब्द त्याच्या तोंडात तयारच नव्हता.

"येतो," तो म्हणाला.

७. तोमेआजींचं घर. रिकामं.

तोमेआजी दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेल्या. पहिल्या हिवाळ्यात छपराची पाठ वाकली. दुसऱ्या हिवाळ्यात घर बसलं. माणूस दमून बसतो तसं, आवाज न करता. यंदा वसंतात तिथे बर्फातून फक्त चुलीचं धुराडं वर आलेलं दिसलं. इकडे छपरावरचा बर्फ दर चार-पाच दिवसांनी फावड्याने खाली लोटावा लागतो. घर राहतं ते त्यात कुणी राहतं म्हणून.

८. विजेचा खांब. तारा सैल.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काठ्या रोवायला घेतल्या. किसाबुरो पहारीने भोक पाडायचा, गेन्झो काठी घालून दगडाने पाचर ठोकायचा. शिमोसावाचा रस्ता नवा झाला होता. काळं, गुळगुळीत डांबर, त्यावर पाऊस पडला की आभाळ दिसायचं.

"बघ," गेन्झो बुटाची टाच घासत म्हणाला. "पांढऱ्या नकाशाची करामत. जिथे धोका नाही तिथे काम करायला त्यांना भीती नाही. तू जाऊन आपलं दुखणं सांगितलंस. म्हाताऱ्या, दुखणं सांगितलं की डॉक्टर अंथरुणात घालतो. औषध देतो असं कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्याकडे गटार उघडं आहे. देवळामागे दरड आहे. तुला दिसत नाही?"

"दिसतं की. मला सगळं दिसतं. मी टिकल्या नातीला दिल्या."

किसाबुरोने पहार उचलली आणि आपटली. तळहाताला झिणझिण्या आल्या.

अठ्ठ्याऐंशीवी काठी पुलाच्या तोंडाशी आली. दरवर्षी ती निम्म्यावरची असायची. तिथून वर दारापर्यंत अजून एक्याऐंशी. त्याने भोक पाडलं, गेन्झोने काठी घातली. मग गेन्झोच्या पिशवीतून लाल फळी निघाली: पुढे बर्फ सारला जात नाही. ती तारेने बांधायची होती.

"दे, मी बांधतो," गेन्झो पहिल्यांदाच न हसता म्हणाला.

"तुला गाठ येत नाही. सुटेल." किसाबुरोने स्वतः बांधली. तीन वेढे, पीळ आत.

९. ओढा.

गेल्या वर्षीच्या जुन्या काठ्या त्याच्या गोठ्यात पडल्या होत्या. मात्सुनोने त्या मोजून दाराशी रचून ठेवल्या.

"रोवा," ती म्हणाली.

"खोटी काठी रोवत नाहीत. धुक्यात ड्रायव्हरला दुसरं काही दिसत नाही. काठी सांगेल तिथे तो जातो."

"मग खरी रोवा. जिथे पोकळ नाही तिथे."

"अगं, कचेरीने..."

"कचेरीने तुमचं अक्षर चांगलं आहे म्हटलं. आता चांगल्या काठ्या रोवा." तिने डावी बाही वर केली आणि हात पुढे धरला. "किंवा मग हे बघा आणि नको म्हणा."

त्याने सवयीने बोट ठेवलं. घुमत होतं.

चार दिवस लागले. चौथ्या टिकलीपाशी तो पोकळीपासून दीड मीटर आत आला आणि पाच पाच पावलांवर दाट काठ्या घातल्या. गाडी जेमतेम बसेल एवढाच रस्ता राहिला, पण होता तो पक्का. गुडघे त्याला रात्री पिळून वाळत घातल्यासारखे वाटायचे. मात्सुनो त्याच्या मागे हळूहळू चालत लाल पट्ट्या बांधत आली. शेवटच्या दिवशी त्याने पुलावरची फळी सोडली. तार गुंडाळून खिशात ठेवली. फेकली नाही.

१०. हिमकडा.

दहा डिसेंबर आला आणि गेला. ते शाळेत गेले नाहीत.

चौदा डिसेंबरला सत्तर सेंटिमीटर बर्फ पडला. पहाटे दोघंही अंगावर कपडे चढवून अंधारात बसून होते. आधी काचा थरथरल्या, मग पिवळा दिवा छतावर फिरला. बर्फगाडी दारापर्यंत आली. ड्रायव्हर नवा होता, शेजारच्या गावातून कंत्राटाने आलेला. त्याने खिडकी खाली केली.

"आजोबा, काठ्या भारी रोवल्यात हो इथे. खाली नुसत्या टाकल्यात, इथे बघा, एका रेषेत! कुणी रोवल्या?"

"खालच्याही मीच," किसाबुरो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

साडेसातला दवाखान्याची गाडी दारात उभी होती. मात्सुनो थर्मास छातीशी धरून राणीसारखी बसली.

तीन पाळ्या अशा झाल्या. मग कर्णा:

पुलापुढे विनापरवाना काठ्या आढळल्या आहेत. चालकांनी दिशाभूल होऊ देऊ नये. पुलापुढे बर्फ सारला जात नाही.

जात नाही, असं डोंगर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओबाता एकटाच आला, काठ्या उपटायला. किसाबुरो छपरावर फावडं मारत होता, त्याला वरून सगळं दिसत होतं. पाचर गोठली होती. ओबाता काठीला मिठी मारून हलवत होता, लाथ घालत होता. हातमोजा फाटला. एक काठी मधेच मोडली. तासाभरात पाच निघाल्या, पाचही मोडक्या.

किसाबुरोने डोळे दुसरीकडे वळवले. पुन्हा काड्कन आवाज आला. चांगला बांबू.

तो शिडीवरून उतरला, पहार घेतली, किटलीभर गरम पाणी घेतलं आणि खाली गेला.

"असं नाही. बुडाशी पाणी घाला. आता पिळा. ओढू नका, पिळा."

"किसाबुरो-सान, तुम्ही नका हो..."

"मोडू नका म्हणतो ना!"

किटली पुन्हा पुन्हा भरून आणत, अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून बाकीच्या सगळ्या काढल्या. अख्ख्या. किसाबुरोने त्या वीस-वीसच्या मोळ्या बांधल्या. शेवटी त्याने खिशातून तार काढली आणि पुलावरची लाल फळी पुन्हा बांधली. तीन वेढे. मात्सुनो दारात उभी होती. ती आत गेली आणि गाठोडी बांधायला लागली.

११. आमचं घर. मागे डोंगर आहे.

शाळेत त्यांना दुसरीचा वर्ग मिळाला. फळा अजून भिंतीवर होता. तोंड धुवायची नळकोंडाळी मुलांच्या उंचीची, किसाबुरोला गुडघ्यांवर बसून दाढी करावी लागायची. गाडी फाटकाशी यायची. मात्सुनोची एकही पाळी चुकली नाही. ओबाता खोटं बोलला नव्हता.

दर पाचव्या दिवशी किसाबुरो पायाला बर्फात न रुतणाऱ्या जाळ्या बांधून चढ चढायचा. दोन तास वर, चार तास छप्पर, दीड तास खाली. जानेवारीच्या शेवटी ताप आला आणि तो बारा दिवस पडून राहिला. तेराव्या दिवशी गेला तेव्हा वळणावरूनच त्याला जास्त आभाळ दिसलं.

परत आल्यावर मात्सुनोने विचारलं, "किती होता?"

"दोन मीटर."

"काढलात?"

"काढायला छप्परच नव्हतं."

तिने चहा ओतला. बराच वेळ ओतत राहिली, पेला भरून वाहिला तरी.

चार दिवसांनी त्याच शाळेच्या सभागृहात पुढच्या वर्षाच्या सुरक्षा आराखड्याची सभा झाली. वाड्यावाड्यांची टेबलं, नकाशे, टिकल्यांचे कागद. ओबाताच्या डोळ्यांखाली काळं होतं. शाळेच्या छपराचा बर्फ काढणारा माणूसही निवृत्त झाला होता, ते कामही आता ओबाताकडे होतं.

"कामिसावात सध्या वस्ती नाही," त्याने कागदावरून वाचलं. "त्यामुळे तिथले अकरा धोके यादीतून वजा झाले आहेत."

गेन्झोने किसाबुरोकडे पाहिलं आणि पुन्हा टेबलाकडे. गोवराचा विनोद त्याने केला नाही.

किसाबुरो आणि मात्सुनोला शाळेच्या भागाचा नकाशा मिळाला. त्याचे कोपरे वळत होते. मात्सुनोने त्यावर थर्मास ठेवला, शाळेच्या चौकोनावर. झाकणावरची टिकली वर. ओबाता तिथून जाताना थांबला, थर्मास अलगद उचलून बाजूला ठेवला आणि कोपऱ्यावर रबर ठेवलं.

तेवढ्यात वर तुळई करकरली.

मोठा आवाज नव्हता. एकदाच. टेबलावर पिठासारखी बारीक धूळ पडली. किसाबुरोला तो आवाज ओळखीचा होता. बसायच्या आधी घर दिवसातून एकदा बोलतं, मग दोनदा. सभागृहात कुणीच मान वर केली नाही. सगळे आपापल्या चहाच्या पेल्यात बघत होते.

मात्सुनो त्याच्या कानाशी आली. "लावायची?"

"इथे लाल झालं," किसाबुरो म्हणाला, "तर आता कुठे नेतील आपल्याला?"

तिने बाही खाली ओढली. त्याने कागद पुढे सरकवला, बाराच्या बारा टिकल्यांसह.

ओबाताने टेबलाटेबलावरून कागद गोळा केले. कुठल्याही कागदावरची एकही टिकली निघाली नव्हती, शिमोसावाची देवळाच्या पायरीचीसुद्धा. त्याने नकाशे पाहिले. सगळे पांढरे.

"म्हणजे यंदा धोक्याची जागा एकही नाही," तो म्हणाला. "सहकार्याबद्दल आभार."

तो वाकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाकून उठताना वरून पुन्हा आवाज आला आणि त्याची नजर छताकडे गेली. तिथेच थांबली. मग त्याने नकाशावरची धूळ फुंकली, आणि घाईघाईने तो गुंडाळायला लागला.